सातारा-सांगलीत इंटरनॅशनल डे स्कूल निवडताना: बारावीपासून उलटं मोजत या

सातारा जिल्ह्याला इंग्रजी शाळांचं अप्रूप नाही. पाचगणीतल्या काही शाळा शंभर वर्षांहून जुन्या आहेत, पण त्या मुख्यतः निवासी. मूल सकाळी बसने जावं, संध्याकाळी घरी यावं, रात्री आजीच्या हातची भाकरी खावी आणि अभ्यासक्रम मात्र केंब्रिजचा किंवा आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) असावा, ही मागणी अलीकडची. मागणारेही एका जातकुळीचे नाहीत. फलटण-शिरवळच्या कारखान्यांत दोन-तीन वर्षांसाठी आलेली परदेशी कुटुंबं आहेत. दुबई-जर्मनीहून परतलेले इथलेच लोक आहेत. विटा-आटपाडीकडची, परराज्यात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी मंडळी मुलांना गावाकडे आणतात तेव्हा तीही अशी शाळा शोधतात. शिवाय मिरजेचे डॉक्टर, कराडचे व्यापारी आहेतच.

बहुतेक जण इमारतीपासून सुरुवात करतात. पोहण्याचा तलाव, एसी वर्ग, मॅडमचं फाडफाड इंग्रजी. माझं सांगणं उलटं आहे. मूल बारावीला कोणत्या बोर्डाचं असणार आणि त्यानंतर कुठे जाणार, याचा आधी अंदाज बांधा. तिथून मागे मागे येत नर्सरीपर्यंत पोचा. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, पण अंदाजच नसेल तर नववीत धावपळ होते.

पायरी पहिली: बारावीनंतर कुठे?

घरात डॉक्टरकीची चर्चा असेल तर सरळ सांगतो, आयबीच्या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करा. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीशी जुळतो. आयबी डिप्लोमात सहा विषय घ्यायचे असतात: दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा चित्रकला-संगीतासारखा कलाविषय किंवा त्याऐवजी दुसरं विज्ञान. म्हणजे नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच विषय बसतात आणि नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र असे तीन लागतात. यावर तोडगा आहे. विद्यापीठाची अट दाखवून वेगळी विषयरचना मंजूर करून घेता येते, पण ती परवानगी शाळेने आयबीकडून आगाऊ काढायची असते. तुमच्या शाळेच्या समन्वयकाने हे आधी कधी केलंय का, ते विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर काय ते समजा. त्यात आणखी एक अडचण. नीट बहुधा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि आयबीच्या परीक्षा एप्रिलअखेर ते मेमध्ये चालतात.

इंजिनिअरिंगला आयबी किंवा ए-लेव्हलमधून (केंब्रिजची बारावी) जाता येतं, विषय जुळतात. पण एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, साधारण २० टक्के अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. म्हणजे क्लास वेगळा लावावा लागणारच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून जायचं तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल हवं. बोर्ड परदेशी असलं तरी शाळा साताऱ्यात असेल तर ही अट अडत नाही. परदेशातून अकरावीला परतणाऱ्यांची इथे दहावीवरून अडचण होऊ शकते.

परदेशी पदवीचा विचार पक्का असेल तर चित्र बदलतं. आयबी डिप्लोमा ४५ गुणांचा: सहा विषयांना प्रत्येकी ७, आणि ४००० शब्दांचा प्रबंध व ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) मिळून आणखी ३. खेळ-कला-सेवेचा भाग पूर्ण करावाच लागतो, त्याला गुण नाहीत. जगभरची विद्यापीठं हे ओळखतात. जर्मनीला जायचं म्हटलं तर भारतीय बारावीनंतर साधारणपणे आधी इथे वर्षभर कॉलेज किंवा तिथे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. आयबीवाल्यांना विषय नीट निवडले तर थेट जाता येतं. अमेरिका-ब्रिटनसाठी मात्र सीबीएसई कमी पडते हा समज चुकीचा आहे. चांगले गुण असलेली सीबीएसईची मुलं दरवर्षी तिकडे जातात.

आणि ज्यांची बदली दोन वर्षांनी होणार आहे, त्यांनी वरचं सगळं सोडून एकच बघायचं: पुढच्या देशात हेच बोर्ड मिळेल का.

पायरी दुसरी: पाटी नको, संलग्नता बघा

शाळेच्या नावात इंटरनॅशनल असणं आणि ती परदेशी बोर्डाशी संलग्न असणं यांचा काहीही संबंध नाही. या नावाखाली राज्य मंडळाचीही शाळा चालते, सीबीएसईचीही. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे भरतोय ते कळायला हवं. याआधी सरकारी पातळीवरचेही 'इंटरनॅशनल' प्रयोग आले आणि गेले. सीबीएसईने २०१० मध्ये स्वतःचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम काढला आणि २०१७ मध्ये गुंडाळला. महाराष्ट्राचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मंडळही काही वर्षांतच बंद झालं. त्या काळात प्रवेश घेतलेल्या पालकांना मधेच बोर्ड बदलावं लागलं.

तपासणी घरबसल्या होते. आयबी आणि केंब्रिज दोघांच्याही संकेतस्थळावर शाळा शोधायची सोय आहे, तिथे शाळेचं नाव टाका. आयबीबाबत एक बारकावा: 'कँडिडेट स्कूल' म्हणजे अर्ज केलेली शाळा, मान्यता मिळालेली नव्हे. मान्यता मिळेलच याची हमी आयबी देत नाही. शिवाय मान्यता प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी असते. प्राथमिक टप्प्याची मान्यता असलेली शाळा डिप्लोमाही देईल असं नाही. केंब्रिजच्या शाळेला विचारायचं ते हे, की आयजीसीएसईपुढे (केंब्रिजची दहावी) एएस आणि ए-लेव्हल आहे का, की दहावीनंतर पुणे-कोल्हापूर गाठायचं.

सीबीएसईच्या शाळेचा सात आकडी संलग्नता क्रमांक मागा आणि बोर्डाच्या पोर्टलवर ताडून पाहा. 'सीबीएसई पॅटर्न' हे शब्द कानावर पडले की सावध व्हा. पॅटर्नला संलग्नता नसते. अशा काही ठिकाणी नववीत मुलांची नोंदणी दुसऱ्याच शाळेच्या नावावर होते आणि दाखला तिथला मिळतो. सीबीएसईच्या प्रत्येक शाळेने आपल्या संकेतस्थळावर बंधनकारक माहितीचं एक पान ठेवायचं असतं: इमारत सुरक्षेचं प्रमाणपत्र, अग्निशमनाचा दाखला, फी, शिक्षकांची संख्या, मागच्या तीन वर्षांचे निकाल. ते पान उघडतच नसेल किंवा जुनं असेल तर पुढचे प्रश्न कडक विचारा.

बोर्ड कुठलंही असो, शाळेला राज्याची मान्यता आणि ११ आकडी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) हवाच. मान्यतेशिवाय शाळा चालवणं शिक्षण हक्क कायद्याने गुन्हा आहे, दंड १ लाख रुपयांपर्यंत.

पायरी तिसरी: शाळा प्रत्यक्ष बघा, पण ओपन डेला नको

ओपन डेला सगळंच छान असतं. साध्या मंगळवारी-बुधवारी वेळ मागून जा. टूर देणाऱ्या मॅडम तुम्हाला रोबोटिक्सची खोली दाखवतील. ती बघा, पण नंतर नम्रपणे म्हणा, "चौथीच्या कुठल्याही दोन मुलांच्या वह्या बघू का?"

वही खोटं बोलत नाही. दोन्ही वह्यांत शब्दन्शब्द तेच उत्तर असेल तर फळ्यावरून उतरवून घेण्याचा कारखाना चालू आहे, मग अभ्यासक्रमाचं नाव काहीही असो. मुलांच्या स्वतःच्या वाक्यात, चुकांसकट लिहिलेलं असेल आणि शिक्षकाने लाल फुलीऐवजी शेजारी दोन शब्द लिहून विचारलं असेल, 'हे तुला कसं कळलं?', तर त्या वर्गात खरंच काही चाललंय. तारखाही बघा. सप्टेंबरमध्ये गेलात आणि शेवटची तपासणी जुलैची असेल, तर कारण विचारा. वाचनालयात पुस्तकं किती आहेत ते विचारू नका, वाटपाचं रजिस्टर दाखवायला सांगा. शोकेसमध्ये बंद पुस्तकं कोणीही ठेवू शकतं.

शिक्षकांबद्दल एकच प्रश्न पुरतो: गेल्या जूनला जे शिक्षक होते त्यांतले आज किती आहेत? सातारा-सांगलीची ही खरी दुखरी नस आहे. केंब्रिजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस दोन वर्षांत पुण्याला जातो. शाळा त्याला दोष देते, पण पगारपत्रक दाखवत नाही. परदेशी शिक्षक आहेत म्हणून भुलू नका. सहा महिने राहून जाणाऱ्या पाहुण्यापेक्षा दहा वर्षं टिकलेली कराडची गणिताची बाई जास्त उपयोगाची. वरच्या वर्गांसाठी विषयांची यादी मागताना यावर्षी प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषय आणि त्या विषयाला बसलेली मुलं हेही विचारा. माहितीपत्रकात १८ विषय आणि वर्गात मुलं ७, हे गणित जुळत नाही.

सुरक्षिततेचं विचारायला संकोच नको. २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती बंधनकारक केली. समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. लहान मुलांच्या स्वच्छतागृहाबाहेर मावशी असतात का, ते डोळ्यांनी बघा. शाळा सुटण्याची वेळ साधून गेटबाहेर दहा मिनिटं उभे राहा, बसवाले काका आणि वॉचमन यांच्याकडून जे कळतं ते माहितीपत्रकात नसतं.

प्रवेशाच्या वेळी पहिली ते आठवीसाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं कायद्याने बंद आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. शाळा त्याला 'इंटरॅक्शन' म्हणतात. मुलाशी गप्पा मारणं वेगळं आणि त्यावरून नाकारणं वेगळं.

पायरी चौथी: फी

सांगितलेला आकडा म्हणजे फी नव्हे. एका कागदावर सगळं मागा: प्रवेश, शिकवणी, टर्म, प्रयोगशाळा, सहल, जेवण, बस, गणवेश, टॅब. आयजीसीएसई आणि आयबीची परीक्षा फी वेगळी असते, विषयागणिक वाढते आणि परकी चलनाच्या दरावर हलते. वरच्या वर्गात हा धक्का मोठा बसतो. डोनेशन किंवा कॅपिटेशन फी बेकायदा आहे, दंड त्या रकमेच्या दहापट. पावती न देता घेतलेली कुठलीही रक्कम याच खात्यात धरा.

राज्याचा २०११ चा शुल्क नियमन कायदा आयबी-केंब्रिजच्या शाळांनाही लागू आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जाते, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. फीबद्दल तक्रार करायची तर २५ टक्के पालकांना एकत्र येऊन विभागीय समितीकडे जाता येतं. समितीचं इतिवृत्त मागून वाचा. बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीत नाव आलेले पालक सही करून मोकळे होतात. तुमचं नाव आलं तर तसं करू नका. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण हक्काखालच्या २५ टक्के जागांचा अर्ज राज्याच्या पोर्टलवर होतो, शाळेच्या काउंटरवर नाही.

पायरी पाचवी: मराठीचं काय

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. इंटरनॅशनल शाळाही त्यात आल्या. सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे, मुख्याध्यापकांकडे नाही. त्यामुळे "आमच्याकडे मराठी नाही हो" असं कौतुकाने सांगणाऱ्या शाळेला दोन प्रश्न जास्त विचारा. जपान किंवा जर्मनीहून आलेल्या पाचवीच्या मुलाला थेट पाचवीच्या मराठीच्या तासाला बसवणंही चूक. त्याच्यासाठी बोलीपासून सुरुवात करणारा वेगळा वर्ग आहे का ते बघा.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलाशी उगाच इंग्रजी बोलायला लागू नका. ज्याला गोष्ट मराठीत सांगता येते त्याला ती इंग्रजीतही सांगता येईल, शाळेने मदत केली तर. ही मदत कोण करतं, आठवड्यात किती तास, वर्गातून बाहेर काढून की वर्गात बसून, हे प्रवेशाआधी ठरवून घ्या.

पायरी सहावी: रस्ता आणि नदी

सांगलीत शाळेचा नकाशा कृष्णेच्या पातळीबरोबर वाचायचा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. शाळेत पाणी आलं नव्हतं एवढ्याने भागत नाही, घरापासूनचा रस्ता बंद होतो का ते महत्त्वाचं. सुट्टी कोण जाहीर करतं, निरोप कसा येतो, बस निघाल्यावर पाणी वाढलं तर मुलं कुठे थांबतात, याचं ठरलेलं उत्तर शाळेकडे हवं. साताऱ्याकडे प्रश्न महामार्गाचा आणि घाटांचा. बस सर्व्हिस रोडला थांबते की मूल महामार्ग ओलांडतं? वाईहून पाचगणीला डे स्कॉलर म्हणून पाठवायचं तर पसरणी घाट जुलैच्या धुक्यात एकदा स्वतः चढून बघा आणि मग ठरवा. स्कूल बसवर महिला अटेंडंट आणि शाळेत मुख्याध्यापकांची परिवहन समिती हे नियमातच आहे.

पायरी सातवी: कागदपत्रं

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत, नर्सरीसाठी तीन. दुबई किंवा लंडनच्या ब्रिटिश शाळेतून आलेल्यांनी आकड्याला फसू नये: तिकडचं 'इयर' आपल्या इयत्तेपेक्षा एकने पुढे असतं. इयर पाच म्हणजे आपली चौथी. पाचवीत बसवलं तर मूल वर्षभर धापा टाकतं. तिकडचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि आपलं जूनला (सीबीएसईचं एप्रिलला), त्यामुळे येण्याचा महिना आधी ठरवला तर बरं.

परदेशी नागरिक असलेल्या मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला, लसीकरणाचं पुस्तक आणि मागच्या दोन वर्षांचे प्रगती अहवाल लागतात. परदेशी विद्यार्थ्याची माहिती शाळेला ऑनलाइन एफआरआरओला (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं केंद्र सरकारचं कार्यालय) कळवावी लागते, आणि कुटुंबाची नोंदणी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नागरिक विभागाशी निगडित असते. हे काम याआधी केलेला कारकून शाळेत आहे का? नसेल तर कंपनीच्या एचआरला सोबत न्या. उलट दिशेने, इथून परदेशात जाणाऱ्यांनी दाखल्यावर अपोस्टिल (परदेशात दाखला ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घ्यावं. भारतात ही सोय २००५ पासून आहे.

आयजीसीएसई करून अकरावीला राज्य मंडळाच्या कॉलेजात यायचा विचार असेल तर परीक्षेचं सत्र आत्ताच विचारा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. केंब्रिजचं मार्च सत्र भारतातल्या शाळांसाठी आहे आणि त्याचा निकाल मेमध्ये येतो. मे-जून सत्राचा निकाल ऑगस्टमध्ये, तोवर चांगल्या कॉलेजच्या फेऱ्या संपलेल्या असतात.

प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः बघायला मागा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आणि लागू असेल तर जात-पोटजात. परदेशी बोर्डाच्या शाळांच्या छापील दाखल्यात जातीचा रकाना पुष्कळदा नसतो आणि जात पडताळणी समितीपुढे उभं राहिल्यावर त्याची आठवण येते. रजिस्टरात नोंद असेल तर पुढे उतारा काढता येतो. स्पेलिंग आधार कार्डाशी आणि पासपोर्टशी अक्षरन्अक्षर जुळवा. आत्ता एका अर्जात होणारी दुरुस्ती दहावीनंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या घडवते.